पावलोव्हची कुत्री आणि पुराचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

दाताच्या डॉक्टरकडे आपण बाहेर बसलेलो असतो. आत मशीन घुंई करतं, दात दुसऱ्याचा असतो आणि खुर्चीचा हात घट्ट धरतो आपण! याला म्हणतात अभिजात अभिसंधान. एक खूण आणि तिच्यामागून येणारी गोष्ट, यांची जोडी जमली की पुढे नुसती खूण पुरते.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह आणि खाण्याची खूण मिळताच लाळ गाळणारा त्यांचा कुत्रा सगळ्यांना पाठ आहे. पाठ्यपुस्तकं त्याच्याशेजारी घंटाच काढतात. पावलोव्ह मात्र मेट्रोनोम (टकटक ठेका देणारं यंत्र), बझर, दिवे असं बरंच काही वापरत. असो. मला सांगायचीय ती पुराची गोष्ट.

सप्टेंबर १९२४, लेनिनग्राड. नेवा नदीला पूर आला आणि पाणी थेट पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरलं. पाणी चढतंय, कुत्री नाक वर धरून कशीबशी तरंगतायत. मदतनीस पोचले, पण पिंजऱ्यांची दारं खाली, पाण्यात बुडालेली. मग एकेका कुत्र्याला आधी पाण्याखाली दाबायचं आणि दारातून ओढून काढायचं! वाचवणाराच बुडवतोय, कुत्र्याला काय कळणार?

पूर ओसरला. पण काही कुत्री शिकलेलं सगळं विसरली. ओळखीची खूण दिली, तरी लाळ नाही. बऱ्याच दिवसांच्या धीराच्या सरावानंतर एकेक खूण परत लागू पडली. तेव्हा पावलोव्ह यांनी काय करावं? दाराखालून खोलीत पाण्याची बारीक धार सोडली. नुसती धार, हं! कुत्रा बिथरला, खाणं सोडलं, शिकलेलं पुन्हा गेलं.

लक्षात घ्या, मेट्रोनोमची जोडी जमवायला किती सराव लागला होता, आणि पाण्याची एका दिवसात जमली. भीतीची जोडी झटकन जमते.

आपल्या खिशात तर दिवसभर मेट्रोनोम वाजतो. मोबाइलचे आवाज बंदच ठेवावेत, या मताचा मी आहे.

जोडी सुटते का? खूण येत राहिली आणि मागून काहीच आलं नाही, तर ती फिकी पडते. फिकी पडते, पुसली जात नाही. त्याच १९२४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. घाई करू नका, असं त्यांनी बजावलंय; नाहीतर सशाची भीती खाऊलाच चिकटायची.