माटोळीच्या वाकड्या पट्ट्या

(दृश्य: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले एक घर. चवथीची आदली रात्र. गणपतीच्या जागेवर माटोळी, म्हणजे फळांनी सजवायची लाकडी पट्ट्यांची चौकट, टांगलेली.)

सुपारीचे घड चढले, चिबूड चढला, रानातून आणलेली कांगलेही बांधून झाली. खाली उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "अरे, मधली पट्टी वाकडी बसलीय." मुलाने चाचपून पाहिली. पट्टी सरळ होती. बाईंनी उजवा डोळा हाताने झाकला आणि पुन्हा वर पाहिले. मधल्या पट्ट्या लाटेसारख्या दिसत होत्या. मग डावा झाकला, तर सगळ्या सरळ.

बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मधुमेह सोळा वर्षांचा. डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज तपासायला डॉक्टर कागदावरची चौकटींची जाळी दाखवतात. बाईंच्या घरी तशी जाळी दर वर्षी छताला लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते गोव्यात : प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४.

(दृश्य: डोळ्याच्या पडद्याचे ओसीटी, म्हणजे प्रकाशाने टिपलेले थरांचे चित्र. मधोमध फुगवटा.)

वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या खिळखिळ्या होतात. रक्त न पोचलेला भाग व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो आणि त्याने वाहिन्या आणखीच पाझरतात. पाणी साचते ते नेमके बारीक अक्षरे वाचण्याच्या जागी.

उपचार मुख्यतः तीन. लेझर सर्वांत जुना. १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की तीन वर्षांत लेझरविना शंभरातल्या २४ डोळ्यांची नजर बरीच खालावली, लेझरने १२ जणांची. खालावणे निम्म्यावर आले, पण गेलेली नजर लेझरने क्वचितच परत येते. दुसरे, व्हीईजीएफला अडवणारे इंजेक्शन. तिसरे स्टेरॉइड.

डोळ्यात सुई म्हटले की पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते आणि काम काही सेकंदांत संपते. बाईंना इंजेक्शनपेक्षा बसचा कंटाळा जास्त. वाळपईहून पणजी, पणजीहून बांबोळी, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रांगेत नंबर, बाहुली मोठी करणारे थेंब, आणि परतताना उन्हात डोळे मिटून बसणे. सुरुवातीला हे दर महिन्याला.

म्हणून मुलाने विचारले, "दोन्ही एकदमच केले तर? इंजेक्शनही आणि लेझरही?"

प्रश्न रास्त आहे. दोघांची वाट वेगळी, मग जोर दुप्पट व्हायला हवा. संशोधकांनाही तेच वाटले होते. रिस्टोर या अभ्यासात ३४५ रुग्णांचे तीन गट केले. वर्षभरात तक्त्यावरची वाचता येणारी अक्षरे नुसत्या इंजेक्शनने सरासरी ६.१ ने वाढली, इंजेक्शन आणि लेझरने ५.९ ने, नुसत्या लेझरने ०.८ ने. जोडीने काही मिळाले नाही.

स्टेरॉइडची गोष्ट आणखी मजेशीर, म्हणजे डॉक्टरांसाठी, रुग्णासाठी नाही. इंजेक्शने घेऊनही सूज न हटलेल्या १२९ डोळ्यांवर एक अभ्यास झाला. सोबत स्टेरॉइड दिलेल्या डोळ्यांत पडद्याची जाडी ११० मायक्रॉनने उतरली, नुसत्या इंजेक्शनने ६२ ने. चित्र पाहून कुणीही जोडीलाच कौल दिला असता. अक्षरे मात्र जोडीने २.७ वाढली, एकट्याने ३. वर शंभरातल्या २९ जणांच्या डोळ्यांचा दाब चढला. एकट्या इंजेक्शनच्या गटात एकाचाही नाही.

चित्र सुधारले म्हणजे नजर सुधारली, हे आपल्याला पटकन पटते. इथेच फसगत होते.

(दृश्य: मांडवीवरच्या पुलावरून जाणारी कदंबची बस.)

तरी बसचा प्रश्न उरतोच. आणखी एका अभ्यासात इंजेक्शनसोबत लगेच लेझर केलेल्यांना पाच वर्षांत साधारण १३ इंजेक्शने लागली, लेझर लांबवलेल्यांना १७. अक्षरे मात्र लांबवलेल्यांची सुमारे दहा वाढली, लगेच केलेल्यांची सात. हा फरक ठाम म्हणता येण्याइतका नव्हता. आणि लांबवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डोळ्यांना पाच वर्षांत लेझर लागलेच नाही.

पडद्याच्या कडेला नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटू लागल्या तर हिशेब बदलतो. तिथे लेझर टिकून राहतो, इंजेक्शनचा असर उतरतो. पावसात, आजारपणात महिनोन्महिने ज्यांचे येणे चुकते त्यांच्यासाठी आम्हाला लेझरच भरवशाचा वाटतो.

बाईंच्या डोळ्यात अजून तशा वाहिन्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितले : सध्या नुसते इंजेक्शन, लेझरचे सहा महिन्यांनी बघू, आणि साखर व रक्तदाब आजपासूनच.

(दृश्य: पुढच्या वर्षीची चवथ. तेच घर, तीच माटोळी.)

पाच इंजेक्शने झाली आहेत. बाई उजवा डोळा झाकून वर पाहतात, बोटाने पट्ट्या मोजतात. पहिली सरळ, दुसरी सरळ. तिसरीशी जरा थांबतात.

"हिला अजून थोडा बाक आहे," त्या म्हणतात, आणि मुलाला चिबूड खाली घ्यायला सांगतात.