बदलत्या जगातील शालेय व्यवस्थापन

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभासदांनो, पत्रिकेवर छापलेल्या भारदस्त विषयावर मी बोलणारच आहे; परंतु चौथीतल्या एका मुलीची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

ही मुलगी रोज वेळेवर येई, पाढे खणखणीत म्हणे, पोषण आहाराची खिचडी दुसऱ्यांदा मागून घेई. मात्र शासनाच्या लेखी ती नव्हती. जनरल रजिस्टरमधली तिची जन्मतारीख आधार कार्डावरील तारखेशी जुळत नव्हती, आणि संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवताना, आधार वैध असलेलेच विद्यार्थी धरायचे, असा त्या वर्षीचा दंडक होता. अशी आणखी काही मुले वजा झाली, की आमचा एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. तिच्या वडिलांना मजुरी बुडवून तालुक्याला पाठवले, तर आधार केंद्राने जन्मदाखला मागितला. दाखला ग्रामपंचायतीत, आणि ग्रामसेवकाचा वार ठरलेला. (तो वार पाळला जातोच, असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा. कोणीच नाही? मग पुढे जातो.) त्यातच वरून ‘अतितातडीचे’ म्हणून संदेश आला : या मुलांची माहिती दुपारपर्यंत एक्सेलमध्ये द्यावी, तीच गूगल फॉर्मवर भरावी आणि तीच सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत पोहोचवावी. त्या दिवशीचा माझा गणिताचा तास कोणी घेतला, हे मात्र एकाही रकान्यात विचारलेले नव्हते. दाखला हाती आला तेव्हा संचमान्यतेची मुदत उलटून गेली होती.

व्यवस्थापनाचा खरा प्रश्न मला येथेच दिसतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. पण माहिती भरणे हे ‘शैक्षणिक’ काम मानले, की कायदा शाबूत राहतो आणि तास बुडतो. शिवाय त्याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेल्यावर. त्याखालच्या शाळांत प्रभारी म्हणजे वर्ग सांभाळणारा शिक्षकच.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शाळा संकुलाची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकत्रित गटाची, कल्पना आहे. शाळा बंद करण्याची सबब म्हणून तिचा वापर न करता, संकुलातील लहान शाळांना मिळून एक लिपिक द्यावा. एकदा भरलेली माहिती कोणत्याही कार्यालयाने पुन्हा मागू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वागतच आहे, परंतु तिने आधी आमचे तक्ते भरावेत. मुलांना शिकवायला आम्ही आहोत. (टाळ्या नकोत, वेळ जातो.)

आणि समितीच्या सभासदांनो, तुमच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार कलम 22 ने तुम्हालाच दिलेला आहे. तो मागील वर्षीच्या प्रतीवरून उतरवू नका. महिन्यात वर्गावरचे किती तास कोणत्या कामासाठी बुडाले, हे दर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवून पोच घ्या.