बसल्याशिवाय सुचत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

"करायचं खूप आहे हो, पण मूडच लागत नाही." हे वाक्य तुम्ही या आठवड्यात एकदा तरी ऐकलं असेल, कदाचित स्वतःच्याच तोंडून. कविता असो, चित्र असो, भरतकाम असो, नाहीतर दुकानासाठी एखादी नवी कल्पना असो, गाडी या मूडपाशीच अडते. पहाटे उठून खर्ज लावणाऱ्या गवयाला मात्र आपण कधी विचारत नाही, की बुवा, आज मूड आहे का? त्याने रोज बसायचं हे आपण धरूनच चालतो. मग बाकीच्या कामांनी काय घोडं मारलंय?

या बाबतीत मला व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण आठवतात. जन्म १९२१चा, म्हैसूरचा. शाळेत एकदा पिंपळाचं पान काढायचं होतं. लक्ष्मणचं पान मास्तरांना आवडलं, त्यांनी शाबासकी दिली आणि पोराने तेव्हापासून स्वतःला चित्रकार मानून टाकलं. पुढे त्याला नाद लागला तो खिडकीचा. खिडकीतून दिसेल ते काढायचं. वाळक्या काटक्या, गळलेली पानं, लाकडं फोडणारे गडी आणि समोरच्या छपरांवरचे कावळे. कावळे तर आयुष्यभर काढले. तसा सोयीचाच पक्षी म्हणायचा! पैसे मागत नाही, एक उडाला तर दुसरा येऊन बसतो. पण तोच पक्षी पुन्हा पुन्हा काढला, की मान किती तिरकी केल्यावर तो संशयी दिसतो आणि किती ताठ केल्यावर मग्रूर, हे हाताला कळायला लागतं. पुढाऱ्यांच्या माना काढताना हीच शिदोरी कामी आली असणार, असा आपला माझा तर्क.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने या माणसाला प्रवेश नाकारला होता. त्यामुळे चित्रं काढणं थांबलं नाही. १९४७ मध्ये ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि १९५१ पासून त्यांची ती छोटी चौकट रोज छापून येऊ लागली. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाच्या कडेने उडणारे केस, असा तो सामान्य माणूस. सगळं बघणारा, पण तोंडातून अवाक्षर न काढणारा. हे पन्नास वर्षांहून जास्त चाललं. सकाळी ऑफिसात यायचं, वर्तमानपत्रं वाचून काढायची, मग सुचेपर्यंत बसायचं. चित्र वेळेत गेलंच पाहिजे, कारण छापखाना कुणासाठी थांबत नाही. २००३ मध्ये पक्षाघाताने शरीराची डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत होता, त्याने ते काढत राहिले.

आता कुणी म्हणेल, त्यांना टेबल होतं, पगार होता. आमच्या घरात बसायला धड कोपरा नाही.

बरोबर आहे. पण मग खानदेशात चला, जळगावजवळच्या असोद्याच्या लेकीकडे. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. तिशीत वैधव्य, अंगावर मुलं, शेत आणि घरकाम. लिहिता-वाचता येत नव्हतं. लिहिण्यासाठी वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांची गाणी कामातच जन्मली. दळायला बसल्यावर काय होतं पाहा. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने जात्याच्या तोंडात दाण्यांचा घास टाकायचा. हात ठरलेल्या गतीने चालतात, त्यांच्याकडे बघावं लागत नाही. डोकं मोकळं, आणि जात्याची घरघर आयता ताल देते. अशा वेळी बायका ओवी म्हणत आल्या आहेत. बहिणाबाई स्वतःची रचत होत्या. भांडी घासताना, चालताना मनात काही घोळतं, ते याच जातीचं. तेवढ्यात आपण कानात काहीतरी खुपसतो आणि ते घोळणं बंद पडतं. (रेडिओवरून हे सांगणं जरा धाडसाचंच! भाषण संपेपर्यंत तरी ऐका.)

पण नुसतं सुचून भागत नाही. बहिणाबाईंची गाणी आज आपल्याकडे आहेत, कारण त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव आणि एक आप्त ती ऐकून उतरवून ठेवायचे. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी हे बावनकशी सोनं आहे हे ओळखलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जी गाणी कुणी उतरवलीच नाहीत, ती गेली.

आपल्यामागे उतरवून घेणारं कुणी नसतं, तेव्हा ते आपणच करायचं. स्वयंपाकघरात, गल्ल्यापाशी, जिथे तुमचे हात चालतात तिथे एक साधी वही ठेवा. महागाची नको, चांगल्या वहीत वाईट ओळ लिहायला माणूस कचरतो. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर घरातली मुलं पळवतात. वर तारीख आणि खाली सुचेल ती एक ओळ, मग तो आमटीतला बदल असो, गिऱ्हाइकाचं बोलणं असो की गाण्याचा मुखडा. महिन्याने पानं चाळा. बरंचसं टाकाऊ निघेल, ते खुशाल खोडा. उरेल त्याला रोजची एक ठरलेली वेळ द्या, अर्धा तास का होईना, आणि त्या वेळेत काही सुचलं नाही तरी जागेवरून उठू नका.

नमस्कार.