दुकानातले तास आणि सेवेचं सर्टिफिकेट

पालकहो आणि मुलांनो,

बारावीनंतर परदेशी शिकायला जायचा विचार आता बेळगावच्या टिळकवाडीतल्या बंगल्यांपुरता उरलेला नाही. खानापूर, निपाणी, वडगावची मुलंही चौकशी करतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की, कॉलेजच्या अर्जात वजन कशाला जास्त, पैसे घेऊन केलेल्या कामाला की फुकट केलेल्या समाजसेवेला?

आधी एक गैरसमज दूर करतो. सीईटी आणि नीटच्या प्रवेशाला या दोन्हींचा उपयोग नाही, तिथे मार्क आणि रँक चालते. हा प्रश्न येतो तो अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी. आपल्याकडे अशोकासारखी काही खासगी विद्यापीठंही अभ्यासाबाहेर काय केलंत हे अर्जात विचारतात.

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं कॉमन ॲप नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून 150 अक्षरं मिळतात. आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हेही भरावं लागतं. उपक्रमांच्या यादीत समाजसेवा आहे, पगारी काम आहे, आणि घरच्या जबाबदाऱ्या हा स्वतंत्र प्रकारही आहे. हा तिसरा प्रकार आपल्या भागातल्या पालकांना माहीतच नसतो.

त्यामुळे होतं काय? वडगावातली एखादी मुलगी शाळेतून आली की घरच्या विणकामाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते. सूत तुटलं की जोडते, साडी उतरली की घडी घालते, व्यापाऱ्याचा हिशेब वहीत मांडते. अर्ज भरताना मात्र ती लिहिते, ‘वृक्षारोपण, एक दिवस’. कांड्यांचं नावही काढत नाही. वडील म्हणतात, ‘घरचं काम ते, त्यात काय लिहायचं?’ मला याचं फार वाईट वाटतं. त्या अर्जात सगळ्यात खरी गोष्ट तीच होती आणि तीच गाळली गेली.

कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात. रोज संध्याकाळी तीन तास किराणा दुकानात बसणारं पोरगं तेवढे तास तीन महिन्यांच्या आत भरतं. उधारीची वही सांभाळतं, एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलतं. हे काम कुठल्याही सेवेपेक्षा हलकं नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. 2016 साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून प्रवेशप्रक्रियेवर एक अहवाल निघाला. निदान वर्षभर सातत्यानं केलेल्या सेवेला महत्त्व द्या, असं त्यात म्हटलंय. आणि घराला हातभार म्हणून केलेली कमाई किंवा घरची जबाबदारीही त्यातच धरा, असंही म्हटलंय. म्हणजे पगारी की बिनपगारी यापेक्षा किती काळ आणि कुणासाठी, हे तिथे मोलाचं. माझं मत त्याच्याही एक पाऊल पुढे आहे. घराला गरज म्हणून काम करणाऱ्या मुलानं सेवेच्या मागे धावूच नये, आपलं काम अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहावं.

सेवेला मी कमी लेखत नाही. 1924 साली याच बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वयंसेवकांनी स्वच्छतेचं काम अंगावर घेतलं होतं. सेवा म्हणायची तर ती. शिबिरात एक दिवस जायचं, बॅनरसमोर फोटो काढायचा आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं, याला मी सेवा म्हणत नाही. पैसे भरून अशी सर्टिफिकेटं घेऊ नका. 150 अक्षरांत तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहायचं असतं, आणि तिथे अशा मुलांची लेखणी अडते.

आणि सीमाभागातली एक सेवा तर कुणी मोजतच नाही. कचेरीतला कागद कन्नडमध्ये, आजीला येतं फक्त मराठी. मग नववी-दहावीतली नात सोबत जाते. 2023 मध्ये कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची, म्हणजे घरच्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देणाऱ्या योजनेची, नोंदणी सुरू झाली तेव्हा रेशनकार्ड, आधार आणि पासबुक घेऊन बायका ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रांवर रांगेत उभ्या होत्या. काय लिहिलंय, कुठे सही करायची, हे त्यांना समजावून सांगणारी आपलीच मुलं होती. असं काम तुम्ही गल्लीतल्या चार घरांसाठी करत असाल तर ती समाजसेवा आहे. लिहा ती.

लिहिताना ‘वडिलांना मदत केली’ एवढ्यावर थांबू नका. रोज किती गिऱ्हाइकं, कुठला माल, कुठला हिशेब, तुमच्यामुळे काय बदललं, ते सांगा. तास फुगवू नका.

पालकांना एक सांगणं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. घरच्या धंद्यात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि धोका नसलेली. अठरा पुरी होईपर्यंत धोक्याच्या कामाला कुठेच परवानगी नाही. अर्जात लिहिता येतं म्हणून पोराला उद्यमबागेतल्या कारखान्याच्या भट्टीवर धाडू नका.

राहिलं शिफारसपत्र. ते शिक्षक लिहितात, आणि बऱ्याचदा आपला विद्यार्थी संध्याकाळी कुठे असतो हे त्यांना ठाऊकच नसतं. तेव्हा मुलांनो, लाजू नका. अकरावीतच एकदा सरांना किंवा बाईंना दुकानात, मागावर घेऊन या आणि तुमचं काम त्यांना बघू द्या. काही कॉलेजं मालकाचं पत्रही घेतात. ज्यांच्याकडे काम करता त्यांना आत्ताच विचारून ठेवा. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते, आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत मालकाला पत्र लिहायला सवड मिळणार नाही.