बावीस पायऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचा विषय आहे राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि दिव्यांगांचे हक्क. विषय भारदस्त आहे, कागदपत्रं तर त्याहून भारदस्त. पण माझी आणि या आयोगाची ओळख कागदावर झाली नाही. ती झाली एका जिन्याखाली, आमच्या मामांमुळे. म्हणून आधी जिना, मग आयोग. वेळ उरला तर कलमं.

मामांना वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. पण हात असे, की साठ वर्षं शिवणकाम केलं. आधी हातानं फिरवायचं मशीन, मग त्याला मोटर बसवली. मामांनी शिवलेला शर्ट लांबून ओळखू यायचा, कॉलरीवरून. हल्लीच्या तयार शर्टांच्या कॉलरी दोन धुण्यांत मान टाकतात, आणि लोक त्याला फॅशन म्हणतात. असो. बाहेर जायला मामांची हातानं चालवायची तीनचाकी सायकल. जिथं चाक जातं तिथं मामा जातात. जिथं चाक थांबतं तिथून पुढे काय, ते ऐका.

मामांना सरकारी अनुदान मिळतं, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे समक्ष जाऊन सांगायचं. ज्या कचेरीत सांगायचं तिचं नाव मी घेणार नाही, कारण तशा कचेऱ्या पुष्कळ आहेत आणि एकीलाच का दोष द्या. कचेरी पहिल्या मजल्यावर. बाहेर चार पायऱ्या, आत अठरा. एकूण बावीस. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला मामांना दर वर्षी बावीस पायऱ्या चढाव्या लागायच्या.

कशा चढायचे सांगतो. पायऱ्यांकडे पाठ करून खाली बसायचं. पायातल्या रबरी चपला काढून दोन्ही हातांत घालायच्या. कागदांची पिशवी दातांत. मग चपला घातलेले हात वरच्या पायरीवर टेकून अंग उचलायचं आणि एक पायरी मागे सरकायचं. लोक वरखाली करत असतात. कुणी वाट देतं, कुणी ओलांडून जातं. एकदा एका माणसानं मामांच्या पुढ्यात दोन रुपयांचं नाणं टाकलं होतं. मामांनी ते परत केलं, वर त्याला सांगितलं, तुमच्या पॅन्टीची शिवण उसवलीय.

एका पावसाळ्यात सातव्या पायरीची कड उडालेली होती, तिथं मामांचा तळहात फाटला. रुमाल बांधून वर गेले. कारकून म्हणाला, "काका, कशाला एवढा त्रास घेता, कुणाला तरी पाठवायचं ना."

मामा म्हणाले, "साहेब, जिवंत मी आहे. तो नाही."

कारकुनानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हो, तेही खरंय. मग तुम्हालाच यावं लागणार."

त्या दिवशी खाली उतरल्यावर मामांनी खिशातला टेप काढला. शिंप्याचा टेप, पिवळा, टोकाला पितळी पट्टी. मला म्हणाले, "टोक धर." आम्ही जिना मोजला. घरी येऊन मामांनी एका पानावर मजकूर लिहिला. रागाचा एक शब्द नाही. पायऱ्या बावीस. उंची साडेसात इंच. रुंदी नऊ इंच. कठडा एका बाजूला, तोही हलतो. सातव्या पायरीला कड नाही. अर्जदाराचं वय अमुक, दोन्ही पायांत बळ नाही, कचेरीत स्वतः यावं लागतं. तळमजल्यावर सोय करावी. खाली सही, तारीख, पत्ता. आणि पाकिटावर: राष्ट्रीय मानवाधिकार आयोग, नवी दिल्ली.

मी म्हटलं, "मामा, दिल्लीला मराठीत?"

"का? जिना मराठीच आहे की."

आता ते पाकीट दिल्लीला पोचेपर्यंत आपण आयोगाचं बघून घेऊ.

हा आयोग १९९३च्या मानवाधिकार संरक्षण कायद्यानं उभा राहिला, त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला. तक्रारीला शुल्क नाही. वकील लागत नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं स्वतः लिहावं किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी लिहावं, दोन्ही चालतं. ज्याला बोलता येत नाही, लिहिता येत नाही, जो कुठं कोंडलेला आहे, त्याच्यासाठी ही सवड मोठी आहे. आणि कुणीच तक्रार केली नाही तरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून आयोग आपण होऊन चौकशी सुरू करू शकतो. पोस्टानं पाठवा, आयोगाच्या संकेतस्थळावर भरा, १४४३३ या क्रमांकावर विचारा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: घटना घडल्यापासून वर्षाच्या आत. वर्षानंतर आयोग ती चौकशीला घेत नाही. पुन्हा सांगतो, वर्षाच्या आत.

दुसरं, एकच प्रकरण दोन्हीकडे पाठवू नका. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगही आहे, मुंबईत. तिथं प्रकरण चालू असेल तर दिल्लीचा आयोग त्यात पडत नाही. आणि बढती, बदली असल्या नोकरीतल्या तक्रारीही हा आयोग सहसा घेत नाही. दिव्यांग कर्मचाऱ्यानं त्यासाठी पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावं. दिल्लीत केंद्राचे मुख्य आयुक्त आहेत, आणि २०१९च्या दुरुस्तीपासून ते पदसिद्ध नात्यानं मानवाधिकार आयोगावरही बसतात. म्हणजे दोन कचेऱ्यांमधली भिंत थोडी खाली आली.

आयोगाच्या हातात काय असतं? साक्षीदाराला बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर जबाब घेणं, यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार. शिक्षा करायचा अधिकार नाही. तो शिफारस करतो: भरपाई द्या, कारवाई करा. सरकारला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. सरकारनं कानाडोळा केला तर आयोग उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून काही जण त्याला दात नसलेला वाघ म्हणतात. मला हे म्हणणं पटत नाही. आपल्याकडच्या कचेरीला दातांची भीती नसतेच, भीती असते ती वरून आलेल्या जावक क्रमांकाची.

एक कलम मात्र मी मुद्दाम सांगणार आहे. सरकारी तुरुंग, सुधारगृहं आणि उपचारासाठी माणसं ठेवलेल्या सरकारी संस्था, यांच्या आत जाऊन आयोगाला पाहता येतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेखीचं काम या आयोगाकडे सोपवलं. मग बंगळूरच्या निमहॅन्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेला बरोबर घेऊन देशातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी झाली, १९९९ मध्ये अहवाल आला. त्यात तुरुंगासारख्या भिंती होत्या, कोठड्या होत्या. आणि दोनच वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ला, तमिळनाडूत एरवाडीला एका खासगी आसऱ्याला पहाटे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पंचवीसहून जास्त माणसं जळून गेली, कारण त्यांना उठून पळता आलं नाही. मनाचा आजार हेही दिव्यांगत्व आहे, श्रोतेहो. आपल्या डोळ्यांपुढे कुबड्या येतात, साखळी येत नाही.

असो. पाकीट पोचलं.

दोन-अडीच महिन्यांनी मामांकडे आयोगाचं इंग्रजी पत्र आलं. मी वाचून दाखवलं. तक्रार संबंधित अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे, त्यांनी आठ आठवड्यांत योग्य ती कार्यवाही करावी, तक्रारदाराला सोबत घेऊन, आणि काय केलं ते तक्रारदाराला कळवावं. बस्स. मी जरा हिरमुसलो. मला वाटलं होतं, दिल्लीहून गाडी येईल.

मामा म्हणाले, "ते मधलं परत वाच. तक्रारदाराला काय?"

"सोबत घेऊन."

"हां. मग येऊ दे त्यांना."

आणि आठ दिवसांत त्या कचेरीचं पत्र आलं. मला ते पाठ आहे. "सदर तक्रारीच्या अनुषंगाने आपले म्हणणे ऐकून घेण्यासाठी आपण सकाळी ११ वाजता पहिला मजला येथे समक्ष उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल."

पहिला मजला! मामा इतके हसले की मशीनचा दोरा तुटला.

ठरल्या दिवशी साडेदहालाच आम्ही जिन्याखाली. मामा सायकलीवर, इस्त्रीचा शर्ट, कॉलर कडक. त्यांनी शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली: "मी हजर आहे. तळमजल्यावर." शिपाई वर गेला. खाली आला. "साहेब म्हणतात वर या." मामांनी दुसरी चिठ्ठी दिली, तोच मजकूर. शिपाई पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्या खेपेला तो बिचारा कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझे गुडघे गेले हो."

शेवटी साहेब स्वतः खाली आले, फाइल बगलेत. माणूस चांगला होता, हे सांगायलाच हवं. दुचाक्यांच्या शेडमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सुनावणी तिथंच सुरू झाली. साहेबांनी विचारलं, "पण काका, आजवर दर वर्षी वर येत होतात ते कसे?"

मामा काही बोलले नाहीत. सायकलीवरून खाली उतरले. चपला हातांत घातल्या. पिशवी दातांत धरली. पाठ करून बसले आणि निघाले. बाहेरच्या चार झाल्या. आतल्या जिन्याची पहिली, दुसरी. साहेब म्हणाले, "पुरे, पुरे, कळलं." मामांनी पिशवी तोंडातून काढली, म्हणाले, "तुम्ही विचारलंत, आता बघा," आणि पिशवी परत धरली. सातव्या पायरीपाशी थांबले, उडालेल्या कडेवर बोट ठेवलं. मग खाली आले. जिन्यात तोवर गर्दी जमली होती, पण त्या दिवशी कुणी ओलांडून गेलं नाही.

पंधरा दिवसांत तळमजल्यावर जावक विभागाशेजारची खोली रिकामी झाली. एक टेबल, एक कारकून, दर बुधवारी. हयातीचे दाखले खालीच. बाहेर पाटी लागली: दिव्यांग कक्ष. या शब्दाबद्दल मामांचं मत ऐकण्यासारखं आहे. "आधी अपंग, मग विकलांग, आता दिव्यांग. पाटी रंगवायला रंगारी लगेच येतो, पायरीची कड बसवायला गवंडी येत नाही." मी स्वतः म्हणेन, शब्दानं फरक पडतो, थोडा. पण मामांशी वाद घालायची माझी छाती नाही.

बाहेरच्या चार पायऱ्यांसाठी रॅम्पही झाला, आणि इथं खरं बघायचं आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा, अमलात आला १९ एप्रिल २०१७ला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होती. या कायद्याप्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत, सर्वांना ये-जा करता येईल अशा करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. ती पाच वर्षं कधीच सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावं लागलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. आणि रॅम्पचा निकष साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. एकाला बारा. घराबाहेर, सोसायटीत, देवळापुढे रॅम्प दिसला की मोजा. एकाला बारा.

आमच्या कचेरीचा रॅम्प गुळगुळीत टाइलचा होता. सरकारी इमारतींना या चकचकीत फरश्या कोण सुचवतं, त्याला एकदा ओल्या चपलेनं त्यावरून चालवायला हवं. उद्घाटनाला मामांना हार घातला, फोटो काढले. मग मामा सायकल घेऊन रॅम्पवर चढायला गेले आणि अर्ध्यावरून मागे आले. दुसऱ्यांदा गेले, मागे आले. तिसऱ्यांदा दोन कारकुनांनी ढकललं. तेवढ्यात एक मोपेडवाला त्याच रॅम्पवरून सुसाट वर गेला आणि व्हरांड्यात गाडी लावून मोकळा झाला.

मला वेळ संपल्याची खूण होतेय, तेव्हा पटकन सांगतो. मामांनी हार काढून सायकलीच्या दांडीला अडकवला. साहेबांना म्हणाले, "चार पायऱ्या, साडेसात इंचाची एक. झाले तीस इंच, अडीच फूट. लांबी किती हवी?" साहेब बोटांवर मोजायला लागले. मामांनी वाट पाहिली नाही. खिशातून टेप काढला, पितळी टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर. ताणू नको, सरळ धर. आणि आजची तारीख लिहून ठेव, वर्ष आजपासून मोजायचं."

अकरा फूट भरला.

नमस्कार.