फॉर्म कुणाचा भरायचा?

(दृश्य : बीड जिल्हा. बालाघाटच्या डोंगरातली वाडी, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. पाऊस नुकताच उघडलाय, व्हरांड्यात ओल्या चपलांची रांग.)

दर पावसाळ्यात नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचे, फॉर्म निघतात आणि माझी झोप उडते. तसे पाचवीतल्या सगळ्याच मुलांचे फॉर्म भरता येतात, त्याला कुणाची आडकाठी नाही. पण एखाद्याच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, "हिला गढीच्या नवोदयला पाठवा" असं आईबापाला सांगायचं, ते एखाद-दुसऱ्याच पोरासाठी होतं. सांगायचं तर त्याची जबाबदारी घ्यावी लागते. सहावीच्या प्रवेशासाठी नवोदयची परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नाही.

नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात, मी चुकले. वर्गातला पहिल्या नंबराचा मुलगा निवडला. अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ. त्याच वर्गात एक पोरगा होता, दिवाळीनंतर गैरहजर असायचा, पण शाळेची बंद पडलेली बोअरची मोटार कुठं अडली ते त्यानं नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. त्याचा फॉर्म मी भरलाच नाही. आज तो ऊसतोडीला जातो. परीक्षा देऊन तो पास झाला असता की नाही, हे कुणालाच कळणार नाही, आणि माझ्या मनाला तेच लागून राहिलंय.

(दृश्य : फळ्यासमोर मुलं. कॅमेरा एका मुलीच्या वहीवर. पानाचे कोपरे मुडपलेले, खाडाखोड.)

ही यंदाची. वर्गात हिचा नंबर नववा. शुद्धलेखन कच्चं. आईबाप दरवर्षी मुकादमाकडून उचल घेतात आणि कोयता घेऊन पश्चिमेकडं कारखान्याला जातात. ही आजीजवळ राहते.

मागच्या महिन्यात मी टन-क्विंटल शिकवत होते. हिनं हात वर केला. "बाई, ऊस तोडला की वाळतो. गाडी दोन दिवस कारखान्यावर उभी राहिली तर वजन कमी भरतं. मग ते वाळलेलं वजन कुणाच्या पैशातनं जातं?"

मी खडू खाली ठेवला. गणिताच्या पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

मग मी एक कागद घेतला, दोनदा घडी घातली, कोपऱ्यात भोक पाडलं आणि विचारलं, उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील? कागदाला हात न लावता तिनं पाटीवर चार ठिपके काढले. चारही बरोबर जागी. नवोदयच्या पेपरात असेच प्रश्न असतात. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले निम्मे, म्हणजे ४०, मानसिक क्षमतेचे : वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी. उरलेले गणित आणि भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो. भाषा हिला जड जाईल, त्यासाठी रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवायची माझी तयारी आहे.

(दृश्य : जुने फोटो. वसतिगृह, प्रार्थनेची रांग.)

ज्याच्यात विशेष गुण आहेत त्याला ऐपत नसली तरी पुढं जाता यावं, ही १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली कल्पना. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. पण जागा साधारण ८०, आणि परीक्षेला अख्खा जिल्हा बसतो. म्हणून आता पाचवीच्या पोरांचेसुद्धा क्लास निघालेत. क्लासला पैसे नसलेल्या पोरांसाठीच ही शाळा निघाली होती, हे आठवलं की जीव तुटतो.

(दृश्य : संध्याकाळ. पत्र्याचं घर, चुलीचा धूर.)

आईबापाशी बोलताना मी काही लपवत नाही. नंबर लागेलच असं नाही, हे आधी सांगते. लागला तर अकरा वर्षांची पोर घर सोडून राहणार. सुरुवातीला मराठी चालेल, पुढं गणित-विज्ञान इंग्रजीतून. नववीत काही मुलांना वर्षभर परराज्यातल्या नवोदयला पाठवतात, तेही सांगते. बाप गप्प बसला. आई म्हणाली, "परीक्षा कधी?" थंडीत, म्हटलं. तेव्हा हे दोघं फडात असणार. अडाणी म्हणून कुणी यांना काही विचारत नाही, पण या बाईनं बरोबर अडचणीवर बोट ठेवलं होतं. परीक्षेला तिला मीच घेऊन जाईन, असा शब्द दिला.

राहिली ती. मुलाला न विचारता फॉर्म भरायचा नाही, हे मी त्या जुन्या चुकीनंतर ठरवलंय. ती म्हणाली, "जाईन. पण आजीच्या गोळ्या कोण वाचून देणार?" आजीला बीपीची एक गोळी सकाळी, दुसरी रात्री. दोन्ही पाकिटं चंदेरी, आजीला अक्षरओळख नाही. माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. उद्या सांगते, म्हणाले.

(दृश्य : देवळीतली गोळ्यांची दोन पाकिटं, जवळून.)

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती स्केचपेन मागायला. एका पाकिटावर तिनं सूर्य काढला, दुसऱ्यावर चांदणी. आठवडाभर आजीची रोज परीक्षा घेतली. आजी एकदाही चुकली नाही.

मग तिनं फॉर्मच्या कागदावर सही केली. आयुष्यातली पहिली सही, चौकटीच्या थोडी बाहेर गेलेली.