नियम बदलण्याची चावी कोणाकडे?

(लातूर येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, तुमच्यातले काही जण असे एजंट, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारे प्रोग्राम, तयार करताहेत, जे माणसाला न विचारता ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक डिजिटल वहीवर, व्यवहार करतात. व्याज जास्त मिळेल तिथे स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेली डिजिटल नाणी) हलवायचे, तारण कमी पडलं की भर घालायची, अशी कामं. मघाशी प्रात्यक्षिक पाहिलं, मेहनत दिसते. एजंट परतावा तपासत होता, कोडचं ऑडिट झालंय का तेही पाहत होता. पण तो कोड उद्या कोण बदलू शकतं, हे त्याने एकदाही तपासलं नाही. मला आज तेवढ्यावरच बोलायचं आहे.

औसा, निलंग्याकडची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना सहकार समजावून सांगायला नको. विकास सोसायटीत कोणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. मतदार यादीला अर्हता तारीख असते. आदल्या रात्री सभासद करून सकाळी त्यांचं मतदान करून घेता येत नाही. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर कोडने चालणाऱ्या आर्थिक सेवांमध्ये, कोड बदलायचा निर्णय मतदानाने होतो तेव्हा मात्र बहुधा जितके टोकन (त्या सेवेची डिजिटल नाणी), तितकी मतं. आणि टोकन उसने मिळतात.

बीनस्टॉक या स्टेबलकॉइन प्रोटोकॉलचं उदाहरण नीट पाहा. १६ एप्रिल २०२२ रोजी तिथे एकाने प्रस्ताव टाकला. नियम असा होता, की प्रस्ताव येऊन एक दिवस झाला आणि दोन तृतीयांश मतं मिळाली, की तो तातडीची बाब म्हणून लगेच अमलात आणता येतो. १७ तारखेला त्याने सुमारे १०० कोटी डॉलरचं फ्लॅश लोन उचललं. हे कर्ज ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यायचं, त्यातच फेडायचं असतं. त्या पैशांवर मताधिकार मिळवला, स्वतःच्याच प्रस्तावाला मत दिलं, प्रस्ताव अमलात आणला, तिजोरी उपसली आणि कर्ज फेडून टाकलं. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये! प्रोटोकॉलला सुमारे १८ कोटी डॉलरचा फटका बसला. कोड नियमाप्रमाणेच चालला होता. घात नियमाने केला. मला सर्वांत जास्त लागतं ते हे, की तो प्रस्ताव दिवसभर चेनवर उघडा पडून होता.

व्यवहारांचा माग लपवणाऱ्या टोर्नाडो कॅशमध्ये मे २०२३ मध्ये वेगळा प्रकार झाला. प्रस्तावाच्या वर्णनात लिहिलं होतं, की यातलं लॉजिक आधी मंजूर झालेल्या प्रस्तावासारखंच आहे. मतदारांनी विश्वास ठेवला. पण प्रस्तावाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे चेनवर ठेवलेल्या कोडमध्ये, स्वतःला नष्ट करण्याची सोय दडवलेली होती. मंजुरीनंतर त्याच पत्त्यावर दुसराच कोड आला आणि हल्लेखोराच्या पदरात १२ लाख मतं पडली. खरी मतं होती ७ लाखांच्या आसपास. एजंट बनवणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर चिकटवून ठेवावं. प्रस्तावाचं वर्णन कोणीही लिहू शकतं, आणि तुमचं भाषा-मॉडेल ते वाचून मतदारांइतकंच सहज फसेल. मॉडेलला उद्देशून सूचनाही त्यात पेरता येतात. म्हणून वर्णन बाजूला ठेवून प्रत्यक्ष कॉन्ट्रॅक्ट तपासायचं, आणि मंजुरीनंतर अंमलबजावणीच्या क्षणी त्या पत्त्यावर तोच कोड आहे का, हे पुन्हा पाहायचं.

मग तपासायचं कसं? आधी पाहा, कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी आहे का, म्हणजे पत्ता तोच ठेवून आतला कोड बदलता येतो का. अ‍ॅडमिनचा, म्हणजे कोड बदलू शकणाऱ्याचा, पत्ता कोणत्या स्टोरेज स्लॉटमध्ये (साठवणीच्या कप्प्यात) ठेवायचा, हे ईआयपी-१९६७ या इथेरियमच्या मानकाने ठरवून दिलंय. एजंट तो थेट चेनवरून वाचू शकतो; प्रकल्पाची वेबसाइट काय म्हणते हे विचारायची गरजच नाही. यूयूपीएस नावाच्या प्रॉक्सी पद्धतीत हा स्लॉट रिकामा सापडतो, तेव्हा अपग्रेडचा अधिकार आतल्या कोडमध्ये शोधावा लागतो. मिळालेल्या पत्त्यावर कोडच नसेल, तर सगळा कारभार बहुधा एकाच गुप्त चावीवर, म्हणजे ती ज्याच्या हाती त्याच्यावर, आहे. मल्टिसिग, म्हणजे अनेक चाव्यांच्या सह्यांची अट, असेल तरी नुसता आकडा पाहून समाधान मानू नका. रोनिन ब्रिजला, म्हणजे दोन चेनमध्ये पैसे हलवणाऱ्या पुलाला, ९ पैकी ५ सह्या लागत, पण त्यातल्या ४ चाव्या एकाच कंपनीकडे होत्या. मार्च २०२२ मध्ये तिथून ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली.

नंतर टाइमलॉक. बदल मंजूर झाल्यापासून लागू होईपर्यंत जो वेळ मिळतो, तो तुमचे पैसे बाहेर काढायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त हवा. टाइमलॉक दोन दिवसांचा आणि पैसे सुटायला सात दिवस, तर तो टाइमलॉक तुमच्या काय कामाचा? विलंबाची किंमतही असते, हे मान्य. कंपाउंड या कर्ज देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलमध्ये २०२१ च्या सप्टेंबरअखेर एका मंजूर प्रस्तावातल्या चुकीमुळे कोट्यवधी डॉलरचे टोकन वाटले गेले, आणि चूक समोर दिसत असूनही ती दुरुस्त करायला मतदानाचा पूर्ण रस्ता चालावा लागला. तरीही दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्या एजंटसाठी मी विलंबाच्याच बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या प्रात्यक्षिकात ती दिसली. एजंटने अमर्याद अ‍ॅप्रूव्हल, म्हणजे आपले टोकन काढून घ्यायची परवानगी, दिलं होतं. ते अ‍ॅप्रूव्हल पत्त्याला असतं. उद्या त्या पत्त्यामागचा कोड बदलला, तर आजची परवानगी नव्या कोडलाही आपोआप लागू होते. म्हणून जेवढी रक्कम, तेवढंच अ‍ॅप्रूव्हल द्या. ही मर्यादा प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनांत, लिहू नका, वॉलेटच्या पातळीवर कोडमध्येच बसवा, म्हणजे मॉडेलला ती ओलांडताच येणार नाही. अ‍ॅडमिन कोण हे कळलं नाही, तर एजंटने व्यवहार थांबवून माणसाला विचारायचं. आणि टाइमलॉकच्या रांगेत नवा प्रस्ताव दिसला, तर आधी अ‍ॅप्रूव्हल शून्यावर आणायचं, मग ज्याचे पैसे आहेत त्याला कळवायचं.